गार्सिया द ओर्टा : अफूकडे डोळे उघडे ठेवून पाहणारे वैद्य



पाचवीच्या वर्गात आरोग्याचा पाठ चालू होता. एका मुलाने मध्येच विचारलं, की दुखतो दात आणि गोळी जाते पोटात, मग कुठे दुखतंय हे गोळीला कळतं कसं? खरं सांगते, मला लगेच उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसले आणि वाचता वाचता थेट साडेचारशे वर्षं मागे, गोव्यातल्या एका वैद्यापर्यंत पोचले. त्यांचं नाव गार्सिया द ओर्टा. आज त्यांची ओळख करून घेऊ या.

बालपण आणि शिक्षण

ओर्टा यांचा जन्म साधारण १५०० च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हीदे या गावी झाला. आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंना हाकलून दिलं, तेव्हा हे कुटुंब पोर्तुगालात आलं. तिथेही पाच वर्षांनी ज्यूंवर धर्मांतराची सक्ती झाली. म्हणजे बघा, भीती या मुलाच्या घरात जन्माआधीपासूनच होती. तरी मुलगा शिकला. स्पेनमधल्या सालामांका आणि आल्काला इथल्या विद्यापीठांत त्यांनी वैद्यकाचं शिक्षण घेतलं आणि पुढे लिस्बनच्या विद्यापीठात शिकवलंही. आपल्यासारखेच शिक्षक, नाही का?

आपल्या किनाऱ्यावर

१५३४ मध्ये मार्तिम अफोंसो द सोझा या सेनानीचे वैद्य म्हणून ते जहाजातून गोव्याला आले, ते परत गेलेच नाहीत. गोव्यात त्यांनी रुग्ण तपासले, औषधी झाडं लावली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्यांची मैत्री होती आणि त्याच्यावर ते उपचारही करत. पोर्तुगीजांकडून त्यांना मुंबई बेट खंडाने मिळालं होतं. गोव्याहून मुंबईकडे जाणारी गलबतं आपल्या कोकण किनाऱ्यानेच जायची. तेव्हा भाट्याच्या वाळूत उभे राहिलात, की समोरच्या पाण्यातून हा माणूस गेला असेल, असं मुलांना जरूर सांगा.

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात त्यांचा ग्रंथ छापून झाला. भारतातल्या औषधी वनस्पती आणि द्रव्यांवरचा हा ग्रंथ संवादाच्या रूपात आहे. नारळ, आंबा, फणस, मिरी, हिंग असं सगळं त्यात येतं. युरोपातले विद्वान तेव्हा जुन्या ग्रीक ग्रंथांत लिहिलंय तेच खरं मानत. ओर्टा यांनी मात्र इथल्या वैद्यांना, हकिमांना आणि व्यापाऱ्यांना विचारलं आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं.

निजामशहाचा चिटणीस

याच ग्रंथात अफूवर एक प्रकरण आहे. अफू खाणारे अर्धवट झोपेत असल्यासारखे वावरतात आणि कष्ट जाणवू नयेत म्हणून ती खातात, असं ओर्टा यांनी नोंदवलं. त्यांनी एक माणूसही वर्णन केलाय. हा निजामशहाचा चिटणीस, मूळचा खुरासानचा. तो रोज तीन तोळे अफू खायचा. आजच्या हिशोबाने हे जवळजवळ ३५ ग्रॅम होतात. सवय नसलेला माणूस याच्या लहानशा भागानेसुद्धा दगावेल. हा चिटणीस सदा पेंगत असे, पण बोलतं केलं की शहाण्या, शिकलेल्या माणसासारखा बोले. ओर्टा यांनी त्याला पापी म्हटलं नाही की नावं ठेवली नाहीत. हा सगळा सवयीचा परिणाम आहे, एवढंच त्यांनी ओळखलं.

सवय म्हणजे शरीरात नेमकं काय घडतं, हे कळायला पुढे चारशे वर्षं लागली.

कुलूप आणि किल्ली

१८०५ च्या सुमारास जर्मनीत झेर्ट्युर्नर नावाच्या औषधवाल्याकडच्या तरुण मदतनिसाने अफूतून मुख्य द्रव्य वेगळं काढलं. तेच मॉर्फिन. नंतर १९७३ मध्ये अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिलं, की मेंदूतल्या पेशींवर अशा द्रव्यांसाठी खास जागा असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. मुलांना सांगताना कुलूप म्हणा. मॉर्फिन ही त्या कुलपात बसणारी किल्ली.

पण मेंदूत अफूसाठी कुलूप कशाला? कारण शरीर स्वतःच तशी किल्ली बनवतं! १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन इथे ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना ती सापडली. खेळताना गुडघा फुटला तरी मूल धावत राहतं आणि खेळ संपल्यावर रडतं. त्यात या घरच्या किल्ल्यांचाही वाटा असतो.

आता वर्गातल्या प्रश्नाचं उत्तर. गोळीला काहीच कळत नाही. ती रक्तातून सगळीकडे फिरते आणि जिथे तिचं कुलूप असेल तिथे काम करते. (दातदुखीची नेहमीची गोळी वेगळ्या पद्धतीने काम करते, हे मात्र मुलांना सांगा.) दुखऱ्या जागेचा निरोप नसांमधून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत आणि तिथून मेंदूत जातो. मॉर्फिन कुलपात बसलं, की हा निरोप पुढे जाताना मंदावतो. जखम तिथेच असते, पण तिची कळ बोचत नाही.

अशीच कुलपं आतड्यात असतात, म्हणून बद्धकोष्ठ होतं. मेंदूच्या श्वास चालवणाऱ्या भागातही ती असतात. म्हणून जास्त मात्रा झाली तर श्वासच थांबतो. मेंदूत सुखाची जाणीव देणाऱ्या भागावरही परिणाम होतो, तिथून ओढ लागते. रोज रोज बाहेरची किल्ली मिळाली, की कुलपं दाद देईनाशी होतात. आधीच्या मात्रेने भागत नाही आणि अचानक बंद केलं तर शरीर तडफडतं. चिटणिसाचे तीन तोळे असेच वाढत गेले असणार.

ओर्टा यांचा शेवट

१५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय सुरू झालं. ओर्टा १५६८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळलं. १५८० मध्ये ओर्टा यांची हाडं कबरीतून उकरून जाळली. ग्रंथ मात्र उरला. १५६७ मध्येच त्याचा लॅटिन सारांश निघाला होता आणि तो युरोपभर गेला. आज पणजीतल्या एका बागेला त्यांचं नाव आहे.

आपण काय घ्यायचं?

आपल्याकडे अफूबद्दल दोन्ही टोकं दिसली आहेत. कोकणातून किती घरं मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेली! तिथे कामावर जाताना तान्हं बाळ झोपून राहावं म्हणून आया त्याला अफूची बाळागोळी देत. त्या आया वाईट नव्हत्या, पाळणाघर नव्हतं. पण बाळाचा श्वास धोक्यात यायचा. आजही खोकल्याच्या काही औषधांत याच कुळातलं कोडीन असतं. म्हणून मोठ्यांचं औषध मुलाला अंदाजाने कधीही देऊ नका.

दुसरं टोक आमच्या घरातलं. आजीला कॅन्सर होता. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. तिला सवय लागेल म्हणून आम्ही त्या कपाटातच ठेवल्या. शेवटचे दोन महिने आजी रात्र रात्र कण्हत होती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून दिलेलं मॉर्फिन अशा दुखण्यात माणसाला शांत झोप देतं, हे मला फार उशिरा कळलं. अशी वेदनाशामक औषधं रुग्णांना सहज मिळावीत म्हणून २०१४ मध्ये १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात बदलही झाला आहे.

व्यसनमुक्तीचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर फुली मारतो आणि मोकळे होतो. यापुढे मी त्या चिटणिसाची गोष्ट सांगणार आहे. कुलूप कसं चालतं हे मुलांना कळलं, तर नशेपासून ती लांब राहतील आणि उद्या घरात कुणी वेदनेने कण्हत असेल, तर त्याचं औषध कपाटात बंद करून ठेवणार नाहीत.

तुमच्या वर्गात मुलांनी असे प्रश्न विचारले असतील तर नक्की कळवा.