डॉ. माधवराव पटवर्धन ऊर्फ माधव जूलियन

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली. त्याच सुमारास भवानी पेठेतील आमचे एक स्नेही घरी आले. त्यांच्या कन्येने येथील विद्यापीठात इंग्रजी साहित्य हा विषय घेऊन एम्. ए. करण्याचे ठरविले आहे. घरी तेलुगु, शाळेत मराठी आणि आता हे तिसरेच. परक्यांच्या कविता वाचून मुलीच्या पदरात काय पडणार, या विवंचनेत ते होते. आम्ही केवळ मॅट्रिक झालेले शिक्षक. कॉलेजाची पायरी आम्हांस परिस्थितीने चढू दिली नाही, तेव्हा अधिकारवाणीने काय सांगणार? परंतु एका कवीचे चरित्र आठवले. ते आपल्या समाजाचे नव्हते, सोलापूरचेही नव्हते. तरीही स्नेह्यांच्या शंकेचे उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे, असे वाटल्यावरून ते येथे देत आहोत.

माधव त्र्यंबक पटवर्धन यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोदे येथे झाला. इंग्रजी व फारसी हे विषय घेऊन ते १९१६ साली बी. ए. झाले आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१८ साली इंग्रजी साहित्य घेऊन एम्. ए. झाले. कवितेसाठी धारण केलेले जूलियन हे नावही त्यांनी इंग्रजी साहित्यातूनच उचलले. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते फारसीचे अध्यापक झाले. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळात यशवंत, गिरीश प्रभृतींबरोबर ते अग्रभागी होते.

१९२४ साली मात्र त्यांना फर्ग्युसन कॉलेज सोडावे लागले. त्यामागील खासगी कारणांची चर्चा त्या काळी पुष्कळ झाली. ती येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. पुढे १९२८ साली कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तोपर्यंतचा काळ अस्थिरतेचा गेला. आश्चर्य असे की, याच काळात त्यांची लेखणी सर्वाधिक चालली. १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश, १९२६ मध्ये विरहतरंग हे खंडकाव्य आणि १९२७ मध्ये छंदोरचना हा ग्रंथ बाहेर पडला.

दोन परभाषांच्या अध्ययनाचे फळ कसे असते, हे उमर खय्यामच्या रुबायांवरून ध्यानी येते. फिट्झजेराल्ड नामक इंग्रज कवीने १८५९ साली या रुबायांचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले आणि पुढे जगभर तेच गाजले. पुष्कळांनी त्या इंग्रजीवरूनच आपापल्या भाषांत अनुवाद केले. माधवरावांस मूळ फारसीही येत होती व इंग्रजीही. मूळ कवी कोठे संपतो आणि रूपांतरकार कोठे सुरू होतो, हे ते जाणत होते. म्हणून त्यांनी दोहोंची सरमिसळ केली नाही. १९२९ साली मूळ फारसीवरून निराळा अनुवाद दिला आणि १९३१ साली फिट्झजेराल्डच्या काव्याचा अनुवाद द्राक्षकन्या या नावाने स्वतंत्रपणे दिला. एकच काम दोनदा करण्याचा हा सचोटीचा खटाटोप आम्हांस त्यांच्या कित्येक प्रेमकवितांहून मोठा वाटतो. गझलेचे वळण मराठीत रुजविणारा गज्जलांजलि हा संग्रह १९३३ चा, तर इंग्रजी सॉनेटच्या वळणाच्या सुनीतांचे तुटलेले दुवे १९३८ चे.

त्यांची एक गोष्ट आम्हांस पटत नाही. आरंभी फारसी शब्दांची मुक्त उधळण करणारे हे कवी उत्तरायुष्यात भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते बनले. १९३८ साली भाषाशुद्धिविवेक हे पुस्तकही त्यांनी लिहिले. मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू एकाच वाक्यात नांदविणाऱ्या आम्हां सोलापूरकरांस हे सोवळे झेपणारे नाही.

छंदोरचनेविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. वर्गात यमाताराजभानसलगम् घोकून घेताना पद्य म्हणजे गणांचा हिशेब, एवढेच आम्ही मुलांस शिकवीत आलो. माधवरावांनी मराठी पद्याची वृत्त, जाति व छंद अशी विभागणी शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. लघुगुरूंचा क्रम ठरलेला ते वृत्त. मात्रांचा हिशेब ती जाति. आणि लघुगुरूंचा भेद न मानता केवळ अक्षरसंख्येवर चालणारा तो छंद. त्यामुळे दळताना म्हटली जाणारी ओवी आणि वारकऱ्यांचा अभंग यांनाही पंडिती वृत्तांच्या पंक्तीत मानाचे पान मिळाले.

मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. परंतु वरच्या परीक्षांत मराठीला दीर्घकाळ मज्जाव होता. न्यायमूर्ती रानडे यांच्या खटपटीने तिला एम्. ए. च्या अभ्यासक्रमात कसाबसा शिरकाव मिळाला. त्याच विद्यापीठाने १९३८ साली छंदोरचनेबद्दल माधवरावांस डी. लिट्. ही पदवी दिली. मराठी ग्रंथास मिळालेली ती पहिली डी. लिट्. होय. इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी वीस वर्षांनी परत आला, तो ओवी-अभंगांची मोजदाद घेऊन. तत्पूर्वी १९३६ साली जळगाव येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस लाभले होते.

पदवी मिळाल्यावर ते फार दिवस जगले नाहीत. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी पुणे येथे, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मधुलहरी हा खय्यामचा तिसरा अनुवाद १९४० साली प्रसिद्ध झाला.

आमच्या संग्रही छंदोरचनेची एक जीर्ण प्रत आहे. ती आम्ही स्नेह्यांच्या कन्येकडे पोहोचती केली आहे. वाचून झाल्यावर ती परत यावी, एवढेच तिला सांगून ठेवले आहे.