नामदार गोखले आणि प्राथमिक शिक्षणाचा खर्च

बेंगळूरच्या नरसिंहराज कॉलनीत 'गोखले सार्वजनिक विचार संस्था' आहे. कन्नडचे थोर साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५ साली स्थापन केली आणि गोखल्यांचे चरित्रही कन्नडमध्ये लिहिले. ज्या मराठी पुरुषाला कर्नाटकाने इतके आपले मानले, त्याच्या कार्यातील एका पर्वाचे स्मरण सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात करणे आम्हांस उचित वाटते.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले. वडील बंधू गोविंदराव यांनी आपल्या तुटपुंज्या पगारातून पैसे पाठवून धाकट्या भावाचे शिक्षण पुरे केले. १८८४ साली गोखले बी. ए. झाले आणि पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत दाखल झाले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षे अध्यापन केले आणि कॉलेजच्या इमारतीसाठी गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून सरकारचे धोरण खाजगी संस्थांना अनुदान देण्याचे होते, आणि गोखल्यांची संस्था ही याच पद्धतीचे उत्तम फळ होती. तरीही तिची मर्यादा त्यांना स्पष्ट दिसली. अनुदान मिळते ते आधीच उभ्या असलेल्या शाळेला. ज्या खेड्यात शाळा काढणारा कोणी नाही, तेथे अनुदान तरी कोणाच्या हाती पडणार? हंटर कमिशनने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची शिफारस केली. परंतु त्यांच्या तिजोऱ्या रित्या होत्या.

१९०२ साली गोखले वरिष्ठ कायदेमंडळात गेले. अंदाजपत्रकावरील पहिल्याच भाषणात त्यांनी दाखवून दिले, की सरकारची शिल्लक हे रयतेच्या सुबत्तेचे लक्षण नसून जादा कराचे फळ आहे. रयतेचा पैसा रयतेच्या मुलांकडे परतावा, या विचारातूनच त्यांनी १६ मार्च १९११ रोजी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा स्थानिक संस्थांना द्यावी, गरिबांच्या मुलांना फी माफ असावी आणि खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने उचलावा, अशी ती माफक योजना होती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ सालीच सक्ती लागू केल्याचा दाखला समोर होता. तरीही १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले गेले. विरोधात सरकारी सभासद होतेच, काही धनिक हिंदी सभासदही होते.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोखले निवर्तले. त्यांचा विचार मात्र मागे राहिला. म्हैसूर संस्थानात १९१३ साली, सर विश्वेश्वरय्या दिवाण असताना, प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली शिक्षण सक्तीचे व मोफत केले. संपूर्ण देशासाठी शिक्षणहक्काचा कायदा होण्यास मात्र २००९ साल उजाडावे लागले.

त्या कायद्याने खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बळ घटकांतील मुलांना दिल्या. त्यांचा खर्च सरकार शाळांना भरून देते. सरकारी पैसा शाळेच्या नव्हे, मुलाच्या नावे असावा आणि शाळा पालकाने निवडावी, असे म्हणणारे याहून पुढे जाऊ पाहतात. उलट कर्नाटक सरकारने २०१९ पासून, जवळपास सरकारी वा अनुदानित शाळा असेल तेथे खाजगी शाळांतील हे प्रवेश थांबविले. आपल्याच शाळा ओस पडत असल्याचे कारण त्यामागे होते. गरीब पालकालाही निवड हवी, हे म्हणणे आम्हांस अन्याय्य वाटत नाही. परंतु निवड करावयाची तर आधी शाळा हवी. शहरात चार शाळा असतात. आडगावी एकच असते, आणि तीही सरकारी. ती खालावली, तर हातातील पैशाचा त्या मुलाला उपयोग काय?

गोखल्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे खाजगी संस्थेला वाहिली, पण शेवटच्या मुलाची जबाबदारी त्यांनी सरकारच्याच पदरी टाकली. संस्थेने शक्य तेवढे करावे, आणि उरलेल्यासाठी सरकारला हिशेब विचारावा, हाच त्यांच्या चरित्राचा आम्हांस उमगलेला अर्थ आहे.