सात फूट रुंदीचा संसार

कालवा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो पुण्याचा मुठा कालवा. माझं माहेर त्याच्या काठावरचं. खडकवासल्याचं पाणी हडपसरच्या बाजूला नेणारा तो कालवा आम्हां मुलांसाठी पोहण्याचा, बायकांसाठी धुण्याचा आणि मळेवाल्यांसाठी पाटाच्या पाळीचा. त्यातून होडी चालवावी असं कुणाच्या कधी मनातही आलं नाही. आपल्याकडे कालव्यानं पाणी जातं. इंग्लंडात कालव्यानं माल जायचा. हा फरक मला कळला तो लेकीकडे ऑक्सफर्डला गेले तेव्हा. एका सकाळी कालव्याकाठच्या वाटेनं फिरायला निघाले आणि समोरून पाण्यावरून एक घरच्या घर चालत आलं.

घरच म्हणायचं. एसटीच्या दोन गाड्या एकामागे एक लावाव्यात एवढी लांबी, रुंदी मात्र एसटीहूनही कमी, जेमतेम सात फूट. छपरावर फुलांच्या कुंड्या, एक सायकल, कोळशाच्या पिशव्या, नीट रचून ठेवलेलं जळण. छोट्याशा धुराड्यातून धूर निघत होता. मागच्या टोकाला सुकाणूच्या दांड्याला हात लावून एक वयस्कर बाई उभी, दुसऱ्या हातात चहाचा मग. चाल इतकी संथ की मी पायी चालूनही तिच्या पुढे गेले असते. मनात पहिला प्रश्न आला तो बायकी म्हणा हवं तर, पण ही बाई पोळ्या कुठे लाटत असेल? अर्थात पोळ्या ती लाटत नसणारच. पण स्वयंपाक, धुणं, आंघोळ, पाणी भरणं हे सगळं त्या सात फुटांत कसं बसवत असेल, हे मला कळून घ्यायचं होतं. लग्नानंतरची नऊ वर्षं मी गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत काढलेली आहेत. या प्रश्नात मला थोडा अधिकारही आहे.

या प्रश्नाचा माग काढता काढता मी ज्या माणसापाशी पोचले त्याचं नाव टॉम रोल्ट. इंजिनियर मंडळींना तो ब्रूनेल, टेल्फर्ड आणि स्टीव्हन्सन पितापुत्रांचा चरित्रकार म्हणून ठाऊक असेल. पण आज इंग्लंडातल्या कालव्यांवर जी हजारो घरं तरंगताहेत, त्यांच्या मुळाशी या माणसाचं एक पुस्तक आहे, आणि त्या पुस्तकाच्या मुळाशी त्याचा मोडलेला संसार.

रोल्टचा जन्म चेस्टर इथला, ११ फेब्रुवारी १९१०चा. वडील मुलखावेगळे. ऑस्ट्रेलियात गुरं राखली, हिंदुस्थानात मळ्यावर काम केलं, १८९८ साली सोनं शोधायला युकॉनला गेले आणि हात हलवत परतले. पुढे उरलेला पैसा एका कंपनीत घातला आणि ती कंपनी बुडाली. मग हे कुटुंब ग्लॉस्टरशायरमधल्या स्टॅन्ली पॉन्टलार्ज नावाच्या खेड्यात राहायला गेलं. मुलानं सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या केर स्टुअर्ट या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी धरली. तिथे त्याचे काका काइर्ल विलन्स मोठ्या हुद्द्यावर होते. या काकांनी एक जुनी, घोड्यानं ओढायची लाकडी मालवाहू बोट विकत घेतली होती. तिचं नाव क्रेसी. हौसेनं तिला वाफेचं इंजिन बसवलं, तर बोगद्यात शिरल्यावर वाफेनं पुढचं काही दिसेना. मग ते काढून फोर्ड मोटारीचं इंजिन बसवलं. पोराच्या मनात क्रेसी भरली ती तेव्हापासून.

१९३०मध्ये कारखाना बंद पडला आणि रोल्ट बेकार झाला. मग हॅम्पशायरमध्ये भागीदारीत मोटार गॅरेज. जुन्या मोटारींचं वेड इतकं की १९३४ साली त्यानं मित्रांबरोबर जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींचा क्लबच काढला. १९३७ साली त्याच गॅरेजात एक तरुणी आल्फा रोमिओ चालवत आली. तिचं नाव अँजेला ऑरेड. कायम बोटीवर राहायचं, असा विचार रोल्टच्या डोक्यात घोळत होता. तो त्यानं या मुलीला सांगितला आणि ती चक्क हो म्हणाली. तिच्या वडिलांना मात्र हे स्थळ पसंत नव्हतं. बिनपगारी, गॅरेजवाला, त्यात घर म्हणजे एक जुनी बोट. कोणत्या बापानं हो म्हटलं असतं? ११ जुलै १९३९ रोजी दोघांनी गुपचूप लग्न केलं. क्रेसी काकांकडून विकत घेऊन रोल्टनं बॅनबरीला टूली बापलेकांच्या गोदीत दुरुस्तीला टाकली होती. मालाच्या जागी खोल्या झाल्या. सगळ्यात अपूर्वाईची गोष्ट म्हणजे आंघोळीचा टब. २७ जुलैला नवराबायको ऑक्सफर्ड कालव्यानं उत्तरेकडे निघाली.

इथे थोडं थांबून सात फुटांचं कोडं सोडवते. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली नावाच्या, फारसं शिक्षण नसलेल्या पण विलक्षण डोक्याच्या माणसानं मध्य इंग्लंडातले कालवे आखले. जमीन उंचसखल, मग बोट चढ चढणार कशी? त्यासाठी लॉक. म्हणजे पाण्याचा जिनाच. दोन्हीकडे दारं असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं. हौद भरला की बोट आपोआप वर येते आणि पुढचं दार उघडतं. एवढं सोपं, पण दर वेळी हौदभर पाणी वरून खाली जातं. म्हणून ब्रिंडलीनं हौद अरुंद ठेवले, सात फुटांच्या आसपास. हौद सात फुटी म्हणून बोट सात फुटी आणि बोट सात फुटी म्हणून संसारही सात फुटी. अडीचशे वर्षांपूर्वी एका माणसानं पाण्याची आणि बांधकामाची काटकसर केली, ती त्या बाईच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली.

लॉकचं काम दोघांचं. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं लोखंडी हँडल घेऊन काठावर उडी मारायची, झडपा फिरवून उघडायच्या, मग दाराच्या लांबलचक तुळईला पाठ लावून दार रेटायचं. रोल्टच्या बोटीवर हे करणारी दुसरी व्यक्ती अँजेलाच. त्याचं कौतुक करताना तिला विसरू नये, असं मला वाटतं.

क्रेसीवर दोघंच होती, तेव्हा ऐसपैस जागा. पण वाटेत भेटणाऱ्या मालवाहू बोटींवर सारी लांबी कोळशासाठी आणि माणसांसाठी मागची एक खोली, सुमारे दहा फूट बाय सात फूट. एवढ्यात नवरा, बायको, मुलं. आत शिरलं की डावीकडे कोळशाची शेगडी, तिच्यावर सतत किटली. कपाटाचं दार खाली पाडलं की ते टेबल. पलीकडच्या कपाटातून पलंग निघतो आणि सकाळी परत कपाटात जातो. आमच्या खोलीत गाद्यांची वळकटी दिवसा बैठक व्हायची, तेच हे! भिंतीवर कडेला जाळी विणलेल्या ताटल्या, पितळेच्या घासून लखलखीत केलेल्या मुठी, आणि दारावर, कपाटावर, छपरावरच्या पाण्याच्या पिंपावरसुद्धा रंगवलेले गुलाब आणि किल्ले. घर लहान असलं की बाई ते किती चकचकीत ठेवते, हे चाळीत राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. मुलं एका गावात टिकत नसल्यानं शाळा नाही. कित्येकांना अक्षरओळख नव्हती. पण कुठल्या वळणावर गाळ आहे, कुठल्या लॉकचं दार अडतं, हे तोंडपाठ. काही मोजके बोटवाले स्वतःच्या बोटीचे मालक. ऑक्सफर्ड कालव्यावरचा त्यांतला शेवटचा जो स्किनर. त्याची बोट ओढायला इंजिन नव्हतं, डॉली नावाचं खेचर होतं.

रोल्टला या माणसांनी वेड लावलं. हा मनुष्य मोठा विसंगत. यंत्रावर जीव, आणि यंत्रांनी माणसाच्या कामाची जी रया घालवली तिचा तितकाच राग. बोटवाल्यांच्या जगण्यात त्याला हुन्नर, घर आणि काम एकत्र नांदताना दिसलं. लग्नाला दोन महिने होत नाहीत तोच महायुद्ध पेटलं. रोल्ट क्रूच्या रोल्स-रॉइस कारखान्यात विमानांची इंजिनं जुळवू लागला, त्या साचेबंद कामाला कंटाळला, मग विल्टशायरच्या एका ओतशाळेत गेला, पुढे सरकारी नोकरी. घर मात्र क्रेसीच. १९४१ ते ४६ ती वुस्टरशायरमध्ये टार्डेबिगला नांगरलेली होती. तिथे ओळीनं तीस लॉक आहेत. सव्वादोन मैलांत बोट २२० फूट चढते! पहिल्या प्रवासावर लिहिलेलं हस्तलिखित प्रकाशकांकडून परत येऊन पडून होतं. मॅसिंगहॅम या ग्रामीण जीवनावर लिहिणाऱ्या लेखकानं ते वाचलं, प्रकाशक मिळवून दिला, आणि डिसेंबर १९४४मध्ये ‘नॅरो बोट’ बाहेर आलं. युद्धानं थकलेल्या लोकांनी ते उचलून धरलं. टार्डेबिगला पत्रांचा ढीग पडू लागला.

त्यातलं एक पत्र रॉबर्ट आयकमनचं. १९४५मध्ये आयकमन पत्नीसह बोटीवर भेटायला आला आणि १९४६ साली कालवे वाचवण्यासाठी संघटना उभी राहिली. आयकमन अध्यक्ष, रोल्ट चिटणीस. गंमत म्हणजे दोघेही भुताच्या गोष्टी लिहिणारे. मेलेल्या म्हणून सोडून दिलेल्या कालव्यांत जीव आहे हे यांनाच दिसावं, यात नवल नाही.

१९४७चा किस्सा इथे सांगायलाच हवा. स्ट्रॅटफर्ड कालवा एका रेल्वे कंपनीच्या मालकीचा. लिफर्डजवळचा उचलता पूल युद्धकाळात मोडला, तेव्हा कंपनीनं तिथे ठोकळेबाज पक्का पूल टाकून वाट बंद केली. पण कायद्यानं जलवाहतूक खुली. लॉर्डांच्या सभागृहात प्रश्न विचारल्यावर उत्तर आलं, की बोटवाल्यानं आगाऊ कळवलं तर पूल उचलून देऊ. रोल्टनं लगेच कळवलं! २० मे रोजी गाळातून, शेवाळातून क्रेसी तिथे पोचली. काठावर गर्दी, वार्ताहर. कंपनीच्या माणसांनी जॅक लावून पूल उचलला आणि क्रेसी खालून सरकली. सरकारी उत्तराचा असा शब्दशः उपयोग करणारी माणसं आपल्याकडेही हवी होती.

१९४९मध्ये क्रेसी वेल्समधला पॉन्टकिसिल्टे जलसेतू ओलांडून लँगोलेनला गेली. दरीवर १२६ फूट उंच, हजार फूट लांब असा हा लोखंडी पन्हळ १८०५ साली पुरा झाला. एका बाजूला वाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. बोटीच्या खिडकीतून थेट दरी. हा सेतू बांधणाऱ्या टेल्फर्डचं चरित्र रोल्टनं १९५८ साली लिहिलं.

पण सेतू ओलांडला तेव्हा घरात आणि संघटनेत तडे गेले होते. आयकमनचं म्हणणं, एकही मैल सोडायचा नाही. रोल्टला वाटे, आधी चालते कालवे आणि त्यांवर पोट असलेली बोटवाली कुटुंबं सांभाळा. कोण बरोबर होतं? माझं मन रोल्टकडे झुकतं. पण आज जे कालवे पुन्हा वाहते झाले, त्यांतले कित्येक रोल्टच्या हिशेबानं चाललो असतो तर बुजले असते, हेही कबूल केलं पाहिजे. १९५१च्या सुरुवातीला स्वतः उभ्या केलेल्या संघटनेतून रोल्टला काढून टाकण्यात आलं. त्याच वर्षी अँजेलानंही बोट सोडली आणि ती बिली स्मार्टच्या सर्कशीत गेली. लोक याला हसतात. मला हसू येत नाही. तिला फिरतं घर हवं होतं. तो आता कमिट्या, कागद आणि एका जागी ठरण्याकडे वळला होता. बारा वर्षं लॉकची दारं रेटून तिनं आपली वाट धरली. क्रेसीचं लाकूड कुजलं होतं, तिलाही सोडावं लागलं. चाळिशी उलटलेला टॉम स्टॅन्ली पॉन्टलार्जला आईवडिलांच्या घरी परतला.

तो हातपाय गाळून बसला मात्र नाही. वेल्समधली टॅलिलिन ही आपल्या माथेरानच्या गाडीसारखी चिमुकली रेल्वे बंद पडायच्या बेतात होती. ती त्यानं हौशी लोकांच्या बळावर १९५१मध्ये चालवून दाखवली. पुढे त्याचं दुसरं लग्न झालं सोनियाशी. ही मूळची नटी. युद्धात मालवाहू बोटींवर राबायला गेली आणि एका बोटवाल्याशीच लग्न करून तिथे राहिलेली. संघटनेतल्या भांडणात ती रोल्टच्या बाजूची. दोन मुलगे झाले. पुस्तकांवर पुस्तकं आली. बोटवाल्यांचं जग मात्र वाचलं नाही. १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, माल लॉरीवर गेला तो परत आला नाही. लंडनजवळच्या साउथॉलच्या मुरंबा कारखान्याला बोटीनं जाणारा कोळसा १९७०मध्ये थांबला, तो या व्यवहाराचा जवळजवळ शेवट. ९ मे १९७४ रोजी रोल्ट गेला. सोनिया २०१४पर्यंत होती.

ज्यांच्यासाठी तो भांडला ती माणसं गेली आणि त्याचं पुस्तक वाचून दुसरीच आली. आधी सुटीवाले, मग निवृत्त जोडपी, आता लंडनची भाडी न परवडणारी तरुण मुलं. बोटीला कायमची जागा नसेल तर नियमानं चौदा दिवसांहून जास्त एका ठिकाणी थांबता येत नाही. दर पंधरवड्याला बिऱ्हाड हलवायचं. पाणी नळावर बोट नेऊन भरायचं, संडासाचा डबा ठरल्या ठिकाणी स्वतः रिकामा करायचा, हिवाळ्याआधी कोळसा भरून ठेवायचा.

लेकीबरोबर मी बॅनबरीला गेले. टूलींची गोदी आहे तिथेच आहे, १७९०पासूनची. भोवती मात्र मोठं शॉपिंग सेंटर उभं राहिलंय. कालव्यावरच्या एका पुलाला टॉम रोल्टचं नाव दिलंय. अँजेलाच्या नावाचं काही दिसतं का म्हणून मी बराच वेळ हिंडले. जवळच्या लॉकवर एक बोट आली. नवरा सुकाणूवर उभा होता, बायको कमरेच्या पट्ट्यात हँडल खोचून काठावर उतरली आणि दाराला पाठ लावून रेटू लागली. दार अडलं होतं. मी पिशवी लेकीच्या हातात दिली आणि तिच्या शेजारी जाऊन पाठ लावली.