‘मरुत्सखा’चे शिवकर बापूजी तळपदे

विमानांच्या इतिहासावरील पुस्तके वाचण्याचा मला नाद आहे. लढाऊ विमाने, प्रवासी विमाने, त्यांची इंजिने, त्यांचे पंख! कलाशाखेच्या विद्यार्थ्याला हे कशाला हवे, असे मित्र विचारतात. पण या जाडजूड ग्रंथांतून मी एक मराठी नाव शोधीत असतो आणि ते बहुतेकांत सापडत नाही. ते नाव शिवकर बापूजी तळपदे यांचे. उलट आपल्याकडे व्याख्यानांपासून २०१५ च्या ‘हवाईजादा’ या हिंदी चित्रपटापर्यंत, राइटबंधूंच्या आधी विमान उडविणारा मराठी माणूस म्हणून हेच नाव अभिमानाने घेतले जाते. एकीकडे संपूर्ण मौन, दुसरीकडे जयजयकार. मग खरे तळपदे कोण होते?

त्यांचा जन्म १८६४ सालचा, मुंबईच्या चिराबाजारातला. कुटुंब पाठारे प्रभू. जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी त्यांचा विद्यार्थी म्हणून आणि पुढे शिक्षक म्हणून संबंध आला. तेथील चिरंजीलाल वर्मा या गुरूंमुळे ते स्वामी दयानंदांच्या वेदभाष्याकडे वळले. वेदांतील विमान ही कविकल्पना नसून हरवलेली विद्या आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. परकी राजवट, पाश्चात्त्य यंत्रांचा दरारा आणि आपल्याजवळ काहीच नव्हते का ही बोच, अशा काळात हा विचार एखाद्या बुद्धिमान तरुणाला ओढून नेणार, यात नवल नाही.

आता प्रसिद्ध कथा. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर तळपद्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे मनुष्यविरहित विमान उडविले, ते १५०० फुटांवर गेले आणि खाली आले. सयाजीराव गायकवाड व न्यायमूर्ती रानडे तेथे हजर होते. पुण्याच्या ‘केसरी’ने ती बातमी छापली. कथा आपल्या शहरापर्यंत येऊन पोचते ती अशी. पण ‘केसरी’ हे काही लुप्त झालेले पत्र नव्हे. १८९५ हे तर पुण्यातील काँग्रेस अधिवेशनाचे आणि सामाजिक परिषदेच्या मंडपावरून झालेल्या वादाचे वर्ष. अभ्यासकांनी त्या वर्षीचे अंक पुनःपुन्हा चाळले आहेत. तरीही ही कथा सांगणाऱ्यांपैकी कोणी अंकाची तारीख देत नाही, की कात्रण दाखवीत नाही. त्या काळचा एकही विश्वसनीय वृत्तान्त आजवर पुढे आलेला नाही.

शेजारी एक दुसरे उदाहरण ठेवून पाहावे. ६ मे १८९६ रोजी अमेरिकेत सॅम्युएल लँगले यांचे वाफेच्या इंजिनावरचे मनुष्यविरहित विमान पोटोमॅक नदीवर सुमारे ३,३०० फूट उडाले. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल तेथे उभे होते आणि त्यांनी छायाचित्र घेतले. म्हणून ग्रंथांत लँगले आहेत. यात मला गोऱ्यांचा पक्षपात दिसत नाही. तेथे पुरावा आहे, इतकेच.

पाऱ्यावर चालणाऱ्या यंत्राची गोष्टही अशीच. तिचा आधार म्हणून ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाकडे बोट दाखविले जाते. पण सुब्बराय शास्त्री यांनी तो ग्रंथ सांगून लिहविला १९१८ ते १९२३ या काळात, म्हणजे तळपदे गेल्यानंतर. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी त्याची छाननी केली. हा ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निर्वाह होता. शास्त्रीबुवांच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी प्रतिकृती केल्या, पण एकही उडाली नाही, अशी माहितीही त्यांना मिळाली होती.

मग उरते काय? माझ्या मते पुष्कळ उरते. मुंबईतला एक कलाशिक्षक संस्कृत पोथ्या घेऊन बसतो, लाकूड-कापडाशी झगडतो, हे चित्र खोट्या विक्रमापेक्षा मला जवळचे वाटते. शिवाय ते लिहीत होते. १९०७ साली त्यांचे ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ हे मराठी पुस्तक निघाले. राइटबंधूंचे १७ डिसेंबर १९०३ चे १२ सेकंदांचे उड्डाण तोवर होऊन गेले होते. वेद आणि योग यांवरही त्यांनी पुस्तके लिहिली. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून नैनीला आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने टपाल नेले, तेव्हा तळपदे हयात होते. त्यानंतर पाचेक वर्षांतच, १९१६ च्या सुमारास, ते वारले.

त्यांच्या नावाने टाळ्या घेणाऱ्या कितीजणांनी ते १९०७ चे पुस्तक उघडले असेल? उड्डाणावर वाद घालताना आपण त्यांच्याच शब्दांकडे पाठ फिरविली आहे. आपल्या संस्कृत व मराठी विभागांतील कोणी प्राध्यापक किंवा विद्यार्थी ते मिळवून, ऋचांचे त्यांनी लावलेले अर्थ मुळाशी ताडून पाहील, तर पुढच्या अंकात तो लेख मी सर्वांत आधी वाचीन.