कलामहर्षी बाबूराव पेंटर

कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्यावर सन 2005 मध्ये चित्रपटांसाठी एक नगरीच उभारली गेली, हे ठाकुरवाडीच्या मुलांस सांगावयास नको. लाकूड व प्लास्टर यांचे तेथील किल्ले दुरून पाहिले म्हणजे मोठ्यांचीही क्षणभर फसगत होते. पडद्यासाठी अशी भरीव सृष्टी उभी करण्याचा प्रघात आपल्या देशात पाडणाऱ्यांत जे अग्रणी होते, त्या बाबूराव पेंटर यांनी कोणत्याही कलाशाळेची पायरी चढलेली नव्हती.

त्यांचे मूळ आडनाव मिस्त्री. जन्म कोल्हापुरास, 3 जून 1890 रोजी. वडील कृष्णराव हे कुशल कारागीर. तेव्हा घर हीच बाबूरावांची शाळा झाली. चित्रकला व शिल्पकला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी आणि हातांनी संपादन केली. आतेभाऊ, मामेभाऊ अशी नाती आपल्याकडे पुष्कळ असतात. परंतु बाबूराव व त्यांचे बंधू आनंदराव यांच्यासारखी जोडी विरळा. दोघे मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. सपाट कापडावर अरण्ये, महाल व दूरवर जाणारे रस्ते असे उमटत की, या बंधूंस लोक पेंटर याच नावाने ओळखू लागले व मूळ आडनाव मागे पडले.

सन 1913 मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रसिद्ध झाला आणि या दोघांस निराळाच ध्यास लागला. पडद्यावरील अरण्यातली पाने हलली पाहिजेत! त्यासाठी कॅमेरा हवा. परदेशी यंत्र विकत घेण्याइतका पैसा जवळ नव्हता. म्हणून तो आपणच घडवावा, असे त्यांनी ठरविले. हे काम किती नाजूक, याची विद्यार्थ्यांनी कल्पना करावी. फिल्मची पट्टी भिंगापुढे निमिषभर स्थिर राहिली पाहिजे, लगेच पुढे सरकली पाहिजे, पुन्हा थांबली पाहिजे. आणि हे एका सेकंदात सोळा-सोळा वेळा. केसभर चूक झाली, तर सारे चित्र थरथरते. प्रयत्न चालू असतानाच 1916 साली आनंदराव निवर्तले. अर्धे राहिलेले यंत्र आणि भावाचा वियोग, अशा स्थितीत दुसरा एखादा पुन्हा कुंचल्याकडे वळला असता, व त्यास कोणी दोषही दिला नसता. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साह्याने 1918 मध्ये कॅमेरा पुरा केला.

गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले व महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा ‘सैरंध्री’ हा मूकपट 1920 मध्ये पुण्यास झळकला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब उतरले होते की पुढे ते गाळावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस सुवर्णपदक व ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

चित्रण करण्यापूर्वी ते पात्रांची व पोशाखांची चित्रे स्वतः काढीत. रंगविलेल्या पडद्यांऐवजी त्यांनी भरीव देखावे उभारले. ‘सिंहगड’ (1923) मध्ये कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. तथापि आमच्या मते त्यांची खरी थोरवी ‘सावकारी पाश’ (1925) मध्ये दिसते. देवादिकांच्या कथांवर लोक लुब्ध असता, कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची कथा त्यांनी पडद्यावर आणिली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या चित्रात तरुण शांतारामांनी त्या शेतकऱ्याची भूमिका केली. सावकाराच्या वहीचा धाक ज्या घरांनी सोसला आहे, अशा घरांतील वडीलधाऱ्यांस तिचे महत्त्व अधिक सांगणे नलगे. त्या काळच्या प्रेक्षकांनी मात्र तिचे म्हणावे तसे स्वागत केले नाही.

सन 1929 मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे हाताखाली तयार झालेले सहकारी कंपनी सोडून गेले व त्यांनी ‘प्रभात’ काढली. ‘प्रभात’चे नाव सर्वतोमुखी झाले, गुरूची कंपनी मात्र लवकरच बंद पडली. बाबूरावांनी 1936 मध्ये ‘सावकारी पाश’ बोलपटरूपाने पुन्हा काढला. पुढे चित्र व शिल्प या आपल्या पहिल्या प्रेमाकडेच ते अधिकाधिक वळले. 16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापुरासच त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले आहेत. दोन-तीनांचे तुकडे तेवढे उरले. 1925 सालचा तो शेतकरी आता कोणासही पाहावयास मिळत नाही. कोल्हापुरास खरी कॉर्नरपाशी कॅमेऱ्याच्या आकाराचे एक स्मारक आहे. अंबाबाईच्या दर्शनास जाणाऱ्यांनी तेही मुलांस अवश्य दाखवावे.