दादासाहेब फाळके : ठशांच्या छापखान्यापासून सिनेमापर्यंत (चरित्रपर निबंध)



दरवर्षी आपल्या शाळेत बाल आनंद मेळावा भरतो. कुणी भेळ आणतं, कुणी बोरं-चिंचा, कुणी शेतातली भरताची वांगी. मागच्या मेळाव्यात पाचवीच्या तीन मुलींनी लोकरीची तोरणं आणि भेटकार्डं विकायला मांडली होती. वस्तू खरोखर सुंदर होत्या, पण पहिला तासभर तिकडे कुणी फिरकलंच नाही. सगळी गर्दी भेळेवर. शेवटी एकीने तिथेच मांडी घालून तोरण विणायला घेतलं आणि हळूहळू बघे जमले, मग गिऱ्हाईक. संध्याकाळी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मात्र भांडण. लोकर एकीच्या घरची, विणणारे हात दुसरीचे आणि ओरडून ओरडून लोकांना बोलावणारी तिसरी. ते भांडण मिटवताना मला दादासाहेब फाळके आठवले. सिनेमाचे जनक म्हणून त्यांचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. पण सिनेमाच्या आधी त्यांनी हातकामाचे दोन-तीन धंदे उभे केले होते, ते फारसं कुणी सांगत नाही. आज तेच सांगतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित. मुलगाही शास्त्री होईल असंच घरात वाटत असणार. पण धुंडिराजला चित्रांचा नाद. वडिलांना मुंबईत कॉलेजात शिकवण्याची नोकरी मिळाली, कुटुंब तिकडे गेलं आणि 1885 मध्ये धुंडिराज जे. जे. कला शाळेत दाखल झाला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्याने चित्रकला, मूर्तिकाम आणि फोटोग्राफी शिकून घेतली. कलाभवन ही सयाजीराव महाराजांच्या राज्यातली मोठी नामांकित संस्था. तिथे प्रा. गज्जर यांच्यासारखा गुणांची कदर करणारा माणूस होता. त्यांनी संस्थेतली फोटोची खोली आणि सामान या मुलाला वापरू दिलं. 1892 मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात नाट्यगृहाचा एक नमुना करून त्याने सुवर्णपदकही मिळवलं.

आता पदक मिळालं म्हणजे पोट भरतं असं नाही. फाळक्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. त्या काळी गावोगावी लोकांची समजूत अशी, की फोटो काढला की माणसाचं आयुष्य कमी होतं, यंत्र अंगातली शक्ती ओढून घेतं. तुम्हाला हसू येईल, पण दुकान मांडून बसलेल्या माणसाला ते हसण्यासारखं नव्हतं. त्यातच प्लेगची साथ आली आणि त्यांची पत्नी आणि मूल दोघंही गेले. स्टुडिओ बंद झाला.

मग काय केलं? नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. जादूचे खेळ शिकले आणि ते दाखवताना आपल्या आडनावाची अक्षरं उलटी करून प्रोफेसर केल्फा असं नाव घेतलं. (फाळके उलटं वाचून पाहा.) माझ्या मते जाहिरातीची त्यांची जाण इथेच दिसते. खेळ कसा आहे हे कळायच्या आधी नाव लक्षात राहतं.

1902 मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या सरस्वतीबाई. पुढे त्या प्रत्येक वळणावर येणार आहेत. नंतर फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि नकाशे-आराखडे काढणारा म्हणून सरकारी नोकरी लागली. पण बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ पेटली आणि त्यांनी ती पक्की नोकरी सोडून दिली. आपल्याकडे आजही कुणी सरकारी नोकरी सोडली तर सगळं गाव त्याच्याकडे कसं बघतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला एका भागीदाराबरोबर ठसे कोरण्याचा आणि छपाईचा छापखाना काढला. जागेची निवड विचारपूर्वक होती. जवळच मळवलीला राजा रविवर्मा यांनी सुरू केलेला प्रसिद्ध छापखाना होता. आपल्या आजी-पणजींच्या देवघरात जी लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं असायची, ती तिथली. तोपर्यंत तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन माणसाच्या हातात गेला होता. फाळक्यांना सुरुवातीचं बरंच काम या छापखान्याकडूनच मिळालं. म्हणजे धंदा नवा, पण एक खात्रीचं गिऱ्हाईक हाताशी.

हे काम कसं चाले ते जरा समजून घेऊ. शिळाछपाईत चित्र गुळगुळीत दगडावर उतरवतात. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. कागद एकेका दगडावरून पुन्हा पुन्हा छापून घ्यायचा आणि प्रत्येक वेळी तो नेमक्या जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तर लक्ष्मीच्या ओठांचा लाल रंग गालावर! दुसरी पद्धत ठशांची. फोटोचे बारीक बारीक ठिपके करून ते धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरायचे, आणि पिवळा, लाल, निळा अशा तीन ठशांतून सगळे रंग उठवायचे. घरातलं एखादं छापील कॅलेंडर भिंगाखाली धरा, असेच ठिपके दिसतील. फाळके या कामात इतके तरबेज झाले की छापखाना लोणावळ्याहून मुंबईत दादरला आला. त्याचं नाव आता लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. भागीदार बदलले, भांडवल वाढलं. 1909 मध्ये फाळके जर्मनीला गेले आणि रंगीत छपाईची यंत्रं व तंत्र घेऊन आले. सुवर्णमाला नावाचं सचित्र मासिकही तिथून निघू लागलं. छपाईचं नाव झालं.

आणि इथेच बिनसलं. धंदा कसा चालवावा यावरून भागीदारांशी वाद झाले आणि फाळके बाहेर पडले. स्वतःच्या फायद्याचा हिशेबही मागितला नाही. स्वतः जाऊन आणलेली यंत्रं मागे राहिली. वय चाळीसच्या पुढे, घरात मुलं, हातात काही नाही. त्यांच्या मानी स्वभावाचं पुस्तकांत कौतुक असतं. मला मात्र वाटतं, कामाच्या वाटणीचा कागद आधीच नीट केला असता तर सरस्वतीबाईंचे पुढचे हाल जरा कमी झाले असते.

1911 मध्ये गिरगावात तंबूतल्या सिनेमात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का दिसू नयेत, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला तो निघालाच नाही. रात्र-रात्र सिनेमाचं साहित्य वाचून, चित्रपट बघून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. उपचाराने दृष्टी परत आली. विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून 1 फेब्रुवारी 1912 रोजी ते लंडनला निघाले. तिथे कॅमेरा आणि फिल्मला कडेची भोकं पाडायचं यंत्र विकत घेतलं, काम शिकले आणि दोन महिन्यांत परतले.

परतल्यावर पैसे देणार कोण? सिनेमा म्हणजे काय हेच धनिकांना माहीत नव्हतं. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं, कॅमेरा समोर पक्का बसवला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. महिन्याभराने ती फिल्म चालवली तर मिनिटभरात बी उगवून वेल झालेला! हा छोटा चित्रपट पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिलं. बाकीची भर सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी घातली.

दादरच्या घरातच राजा हरिश्चंद्र तयार झाला. स्वयंपाकघर हीच अंधारी खोली. आज कुणी याला घरगुती उद्योगच म्हणेल. सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून फिल्मला भोकं पाडत, रसायनं कालवत, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडत आणि एवढ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. स्त्रिया काम करायला तयार होईनात म्हणून उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. सहा महिने सत्तावीस दिवसांत 3,700 फूट फिल्म तयार झाली आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात चित्रपट लागला.

आता विक्रीची गंमत बघा. मुंबईत खेळ चालला, पण सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला फक्त तीन रुपये! लोकांचा हिशेब साधा होता. दोन आण्यांत सहा तासांचं नाटक मिळतं, मग तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ का बघायचा? फाळक्यांनी दर उतरवला नाही. जाहिरात बदलली. तीन आण्यांत सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, तोही दोन मैल लांबीच्या चित्राचा, असं लोकांना सांगितलं. गर्दी लोटली आणि गल्ला तीनशेवर गेला.

मुलांनो, हे गणित वहीत करून बघा. एका फुटात सोळा चित्रं, म्हणजे 3,700 फुटांत किती? 59,200. म्हणजे फोटोंचा आकडा अगदी जवळचा आहे. पण मैल 5,280 फुटांचा असतो. मग फिल्म दोन मैल कशी? एक मैलसुद्धा भरत नाही! जाहिरातीत एवढं फुगवलेलं होतं, हे आपण मान्य करायला हरकत नाही.

पुढे त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. 1917 मधल्या लंकादहनने तर भरपूर पैसा दिला. त्याच सुमारास चित्रपट कसा तयार करतात हे दाखवणारा एक छोटा चित्रपटही त्यांनी काढला. आपल्या तोरणवाल्या मुलीने मेळाव्यात केलं तेच, नाही का? 1918 मध्ये मुंबईच्या भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पण भागीदारांशी पुन्हा तसेच वाद. फाळके राजीनामा देऊन काशीला जाऊन राहिले, तिथे नाटक लिहिलं, आणि काही काळाने त्याच कंपनीत परत आले.

बोलपट आल्यावर त्यांचं मूकपटाचं तंत्र मागे पडलं. 1937 चा गंगावतरण हा त्यांचा शेवटचा चित्रपट, कोल्हापूरला तयार झालेला. त्यानंतरचे दिवस नाशिकला तंगीत गेले. 16 फेब्रुवारी 1944 रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.