धाकटी मुक्ताई

वारकरी मंडळींनो, मुक्ताईचे चरित्र म्हणजे नुसते चमत्कार नव्हेत. पोरक्या लेकराने पोटात जिरवलेले दुःख त्यात आहे.

परंपरेने तिचा जन्म शके १२०१, म्हणजे सन १२७९ चा. वडील विठ्ठलपंत गुरूच्या आज्ञेने संन्यास सोडून संसारात परतले, म्हणून आळंदीच्या ब्रह्मवृंदाने सगळे घरच वाळीत टाकले. पुढे आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले नि चारही भावंडे उघड्यावर पडली. मुक्ताई सर्वांत धाकटी. तिला ना आईचा पदर, ना शेजारपाजार, ना सखीसोबतीण. तिघे भाऊ हेच काय ते तिचे गणगोत.

एकदा लोकांच्या बोलण्याने विटून ज्ञानोबारायांनी झोपडीची ताटी लावून घेतली. तेव्हा बाहेर उभे राहून समजूत घातली ती या धाकटीने. ताटीचे अभंग ते हेच. तिची समजूत घालायला मात्र कोण होते?

शके १२१८ (सन १२९६) च्या कार्तिकात आळंदीस माउली समाधिस्थ झाली, पुढल्याच महिन्यात सासवडास सोपानकाका. मुक्ताई फार उदास झाली. वैशाख आला नि तापीतीरी वीज कडाडली, तिच्यात ती गुप्त झाली, असे परंपरा सांगते. मागे उरले एकटे निवृत्तिनाथ.

आषाढीला मुक्ताईनगराहून तिची पालखी पंढरीस येते. तिच्यापुढे माथा टेकताना आपल्या गावातली दुःखाने ताटी लावून बसलेली लेक आठवावी. तिच्या दारी जाऊन हाक मारावी. मुक्ताईने हेच केले.

रामकृष्णहरि.